शंभर गोळ्यांची बाटली

पदेराचा भोंपू वाजतो तेव्हा
माझी गोळी नुकतीच पोटात गेलेली असते.
अर्धा तास चहा नाही. गरम उंडे
फडक्यात गुंडाळते, वास घेत बसते.

खाण चालू होती तोवर ह्यांच्या कंपनीचं विम्याचं कार्ड होतं.
खाण थांबली. कार्ड कपाटात आहे,
त्यावर मी अजून जाड वेणीची.

डिचोलीत मे महिना, सगळे घामाघूम,
मी पंखा बंद करून शाळेचे गणवेश शिवते.
बॉबिनमधून दोऱ्याबरोबर माझेच केस निघतात.

रक्त तपासायला पैसे नव्हते,
म्हणून रविवारी गोळीला सुट्टी दिली.
मग संकष्टीलाही. तिलाही उपास.

फार्मसीतल्या उल्हासने जुनी बाटली फिरवून पाहिली.
"वहिनी, शंभर गोळ्या.
एकशेएकवीस दिवस?"
मी सुटे पैसे पुन्हा मोजायला घेतले.

तो पुढे बोलला नाही.
नव्या झाकणावर पेनाने आजची तारीख घातली,
खाली शंभराव्या दिवसाची,
आणि सरकारी इस्पितळात थायरॉइड बघतात तो वार.
कमी पडलेले चाळीस रुपये वहीत.

रविवारी पदेर आला.
उंडे फडक्यात.
घड्याळात सहा चाळीस,
सहा एकेचाळीस.