अठ्ठ्याऐंशी हजार मैल

ऑरिननं बावीस वर्षं बॉयलरचे व्हॉल्व्ह विकले.
डल्यूथहून ओमाहा, ओमाहाहून टल्सा,
टल्साहून आणखी कुठंतरी, जिथं पाइप गळतोय.
निवृत्तीला कंपनीनं घड्याळ दिलं,
विमानवाल्यांनी मैल.

हे मैल फ्रिजवरच्या कागदावर राहायचे.
तो वर आकडे लिहायचा,
मी त्याखाली : दूध, मीठ, बल्ब.

आता ऑकलंडची दोन तिकिटं, मागच्या रांगेतली,
आणि सगळे मैल ओतून
पुढं सरकते ती एकच खुर्ची.
फोनवरच्या मुलीनं दोनदा मोजून पाहिलं.

"तू जा," तो म्हणाला,
आणि थांबला, मी नको-नको म्हणेन म्हणून.
मी म्हटलं, "बरं."

तसे ते मैल माझ्या ओळखीचेच.
टल्साचे आठशे : मारेनचा पहिला दात,
मी काडेपेटीत ठेवला, त्याला दाखवायला.
डेन्व्हरचे : तळघरात गुडघाभर पाणी,
आणि मी बादली घेऊन, नाइटगाउनवर.
फीनिक्सचे जाऊन-येऊन : माझे वडील गेले तो आठवडा.
शवपेटीला खांदा द्यायला तो पोचला,
त्याआधीच्या रात्रींना नाही.
पगार यायचा. छप्पर नवं झालं. मारेन शिकली.
ही तक्रार नाही.
पावती आहे.

लॉस एंजेलिसहून उडाल्यावर
एका पोरीनं हसत पडदा ओढला.
इकडे बटण दाबलं की खुर्चीचा पलंग होतो,
पायमोजे देतात, तीन जातींचं चीज देतात,
आणि प्रत्येकाला स्वतःची मिठाची बाटली,
अंगठ्याएवढी.
वाटलं होतं, त्याच्या घोरण्याशिवाय
झोप कसली लागतेय.

लागली. नऊ तास. ओंडक्यासारखी.
आख्खा पॅसिफिक माझ्या पाठीखालून गेला
आणि मला पत्ता नाही.

सकाळी मागं गेले.
एकेचाळीस ई. शेजारी कुस्तीगिरासारखा एक पोरगा,
तोंड उघडं, डोकं ऑरिनच्या खांद्यावर.
ऑरिन ताठ बसलेला,
आणि त्याच्या टकलावर भर उजेडात दिवा.

"बंदच होईना," तो म्हणाला. "बटण अडकलंय."
"झोपला नाहीस?"
"पडद्याकडे बघत होतो.
वाटलं, एकदा तरी येशील."

आमच्या दारावर एक दिवा आहे,
साठ वॉटचा, बर्फातही दिसेल असा.
बावीस वर्षांत मी किती बल्ब बदलले
ते फ्रिजवरच्या कागदांना ठाऊक,
आणि ते कागद कधीच रद्दीत गेले.
ओठांवर आलं होतं.
गिळलं.
त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं,
अर्धं तरी त्याचं त्याला पोचलंय.

त्याच्या ट्रेमधलं ऑम्लेट गार, फिकट, रबरी.
मी स्वेटरच्या खिशातून बाटली काढली
आणि त्यावर मीठ भुरभुरवलं.
त्यानं बाटली हातात घेऊन फिरवली,
दिव्याखाली धरली.
"चोरलीस?"

"मिळवली," मी म्हटलं.