तिसरा पोचा

एव्हारिस्त क्वाद्रोस दुकानात आला तेव्हा
मी एका समईच्या बुडात शिसं ओतत होतो.
त्यानं कागदातून काढून ठेवलं ते आधी मला
देवळातलं तोंड फाकलेलं भांडं वाटलं.
"ट्रंपेट," तो म्हणाला. "तीन पोचे आहेत. काढशील?"
मडगावच्या जुन्या बाजारात आम्ही कासार,
पितळ ते पितळ.
ठेव, म्हटलं.

पहिला पोचा नैरोबीचा.
बाप रेल्वेत कारकून; पोलीस बँडातल्या
एका निवृत्त माणसाकडून हप्त्यांवर घेतलेलं.
सातव्या हप्त्याला घरमालकानं वळकट्या बाहेर काढल्या,
तेव्हा ते पायरीवर आपटलं.
सूर मात्र तो कुडतरीहूनच घेऊन गेला होता,
चर्चच्या शाळेतून, मेस्ताच्या छडीखालचे:
दो, रे, मी, आणि हातावर वळ.

दुसरा इंग्लंडातला.
कव्हेंट्रीच्या मोटार कारखान्यात रात्रपाळीचे चौघे
आणि डोरीन, बसकंडक्टरची मुलगी, गाणारी.
प्रार्थना संपली की रिकामा पडणारा हॉल
रविवारी भाड्यानं घ्यायचे,
म्हणून नाव संडे टेनंट्स. रविवारचे भाडेकरू.
लीड्सच्या अलीकडे बर्फात व्हॅन उलटली.
माणसं वाचली.
मोठा ड्रम उतारावरून गडगडत निघाला
आणि एल्रॉय त्याच्यामागे, शिव्या देत,
त्याही तालात.

"वाजवायचात काय?"
"पॉप. पण त्यात सोल, आणि थोडं जॅझ."
मला हसू आलं. माझ्या मुठीत सोलंच होती,
भिरंडाची, पितळ उजळायला भिजवलेली.
"ही घालायचात?"
"हीच," तो म्हणाला. "आंबटच असतं ते.
डोरीन गायली की माणसावरचा काळा थर सुटायचा."
"आणि जॅझ?"
"तांब्याचं पोट फुगवतोस तेव्हा ठोके मोजतोस?"
"छे. हात ऐकतो."
"मग तुला काय सांगू."

एक गाणं त्यांचं यादीत चढलं.
एकतिसावं. दोन आठवडे.
तेव्हा कुडतरीत त्याची आई
तळ्याकाठच्या घरात रेडिओचा कान पिळत बसायची.
लंडन लागायचं,
मुलगा लागायचा नाही.

मग कंपनीनं एक यंत्र आणलं.
त्याचा सूर भरून घेतला, एकच,
आणि कीथ तो एका बोटानं दाबायला लागला,
उंच, खोल, हवा तसा, हवा तितका वेळ.
"श्वास माझा, रोयदास.
आणि मी बाहेर बाकावर सँडविच खातोय."

तिसरा पोचा डोरीननं पाडला म्हणाला,
ब्रायटनला, शेवटच्या रात्री,
भिंतीवर फेकून.

चाळीस वर्षं मी पोचे काढतोय.
हातातून सुटलेलं भांडं काठावर चेपतं,
भांडणात फेकलेलं कुशीवर.
हा वरून आला होता, सरळ,
कड अर्धगोल, नालेसारखी:
बुटाची टाच.
बाईच्या टाचेला एवढी रुंदी नसते.

मी मोगरी खाली ठेवली
आणि त्याच्या पायांकडे बघितलं.
त्यानंही बघितलं.
चपला होत्या, मडगावच्याच, नव्या.

"तो राहू दे," म्हणाला.

दोन पोच्यांचे चाळीस रुपये झाले.
वीस दिले, आणि वीसच्या बदल्यात त्यांची तबकडी.
ट्रंपेट आता शाळेतला एक पोरगा वाजवतो,
फेस्ताला ऐकलं, वरचा सूर जरा घोगरा लागतो त्याचा,
आणि एव्हारिस्त त्याला सुधारत नाही.

माझ्याकडे वाजवायचं यंत्र नाही.
तबकडी समयांच्या वर खिळ्याला आहे.
परवा बोरीहून एक बाई आली, बराच वेळ बघत होती.
"ते काळं ताट केवढ्याला?"
विकायचं नाही, म्हटलं.
"मधे भोक आहे तरी?"