शब्दाला दीड रुपया

सावद्याच्या पॅकहाउसात पत्र्याखाली
चाळीस खुर्च्या, एक पडदा, आणि केळीच्या चिकाचा वास.
मी कडेला वही घेऊन.
माहितीपत्रक मराठीत करायचं होतं,
शब्दाला दीड रुपया.

पुण्याचे ओजस सर म्हणाले,
आपण सगळे एकाच इकोसिस्टमचे स्टेकहोल्डर.
मी लिहिलं : परिसंस्था, हितधारक.
तीन रुपये.

घड उतरवणारा सुभान तडवी मागून कुजबुजला,
'हितधारक म्हंजे कोन वो ताई?'
ज्याचं काहीतरी अडकलेलं असतं तो, मी म्हटलं.
'दोन हप्त्यांची मजुरी अडकेल हाये माही.
मंग मी व्हय का?'
नाही कसं म्हणू?

मग सिनर्जी आली.
तिला रात्रभर भिजत घातली,
सकाळी पाहिलं तर डाळ फुगलेलीच नाही,
पाणी तेवढं गढूळ.

तिसऱ्या दिवशी कोल्ड चेन.
मी वैतागून लिहिलं : शीतसाखळी.
हाही त्यांच्यातलाच, असं समजून पान उलटणार
तोच फण्या धुता धुता लिलाबाई वारके म्हणाल्या,
'साखयी हाये तं तुटते कोठी?'

कोणी बोलेना.
त्याच मोजू लागल्या ओल्या बोटांवर :
पहाटे कापणी, बांधावर तासभर,
ट्रॉली, हौद, खोकं, गाडी...
आणि बऱ्हाणपूरच्या अलीकडे ढाबा,
जिथे ड्रायव्हर डिझेल वाचवायला
गारव्याचं मशीन बंद करून जेवतो.

दिल्लीत केळी काळी निघाली की
अकरा वर्षं एकच उत्तर यायचं :
कापणारा चुकला.
अकरा वर्षं सुभानचे पैसे कापले जायचे.
परक्या शब्दाने एवढं केलं,
बोट सुभानवरून उचलून ढाब्यावर ठेवलं.

म्हणून नव्या शब्दांना सरसकट हसवत नाही आता.
आणि जुन्यांचीही शपथ घेववत नाही.
माझे वडील आडत्या होते.
पंचाखाली बोटं दाबून भाव ठरायचा,
ज्याचा माल, तो समोर उभा राहून
पंचा हलताना बघायचा.
तिथे एकही इंग्रजी शब्द नव्हता.
शब्दच नव्हता.

पत्रक दिलं. सिनर्जीची जागा कोरी सोडली,
दीड रुपया गेला.
छापून आलं तेव्हा तिथे होतं
'समन्वयात्मक ऊर्जा',
कुणीतरी तीन रुपये घेतले असणार.

सुभान आता रात्री ड्रायव्हरला फोन करतो,
'साखयी तोडू नको भो.'
शीत गेलं, ळ गेला,
गाडी ढाब्यावर थांबली तरी मशीन चालू असतं.

दोन हप्त्यांची मजुरी मात्र
अजून हितधारक आहे.