गुणाबाई

पोवई नाक्यावर चहा समोर आला आणि फोनवर बातमी:
गुद्रून हार्टविग, वय एकोणऐंशी, माजी पर्यावरणमंत्री,
अशा एका राज्याची, ज्याचं नाव
मला अजून एका दमात घेता येत नाही.
दोन ओळी. जुना फोटो. चहावर साय धरली.

मी तिचा दुभाषी होतो, अडीच दिवसांचा.
संध्याकाळच्या वर्गात शिकलेली माझी जर्मन,
क्रियापद शेवटी येतं म्हणून आपलीशी वाटलेली.
ठोसेघर मागे पडलं, गाडी सड्यावर चढली,
तशी काच खाली करून तिनं वारा तोंडात घेतला,
गुऱ्हाळावर आपण काकवी बोटावर घेऊन बघतो, तसा.
म्हणाली, याला कोळशाचा वास नाही.

तिच्या गावी आई वाऱ्याची दिशा बघून धुणं काढायची.
खाणीकडून वारं आलं की दोरीवरचं पांढरं सगळं काळं.
विसाव्या वर्षी ती यंत्रापुढे मांडी घालून बसली.
चार पोलिसांनी तशीच उचलली.
"खुर्चीसकट उचलावं तशी," हसली,
"फक्त खुर्ची तेव्हा नव्हती, ती नंतर आली."
पक्ष काढला तेव्हा माणसं सोळा, मतं सतरा.
विधानसभेत पहिल्या दिवशी
हातानं विणलेला स्वेटर घालून गेली,
तर समोरच्या बाकांवरून कुणी मेंढीसारखं ओरडलं.
मग मंत्रीपद. मग एक कागद:
एक खाण दहा वर्षं आधी बंद होणार,
बदल्यात दुसरी एका गावावरून पुढे सरकणार.
त्या गावात आईची कबर.
"सरकारी गाडीनं हलवली," ती म्हणाली. "पावतीवर सही माझी."
यानंतर चाळकेवाडीपर्यंत
ती काही बोलली नाही, मीही काही भाषांतर केलं नाही.

वर पवनचक्क्या. आमचे साहेब आकडे सांगत होते, मेगावॅटमध्ये.
धाकलूबाई झोरे म्हशी वळवत आली, काठीवर हनुवटी टेकून थांबली.
"ही कोण?"
मी नाव सांगितलं.
"गुणाबाई व्हय. मग इचार की गुणाबाईला,
पंखं रातंदीस फिरत्यात, वारं आमचं,
उजेड कुणाच्या घरात पडतुया?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं.
मी जर्मनमध्ये म्हणालो: त्या म्हणतायत, पंखे फार सुंदर दिसतात.

गुद्रूननं काठीचं टोक बघितलं,
टोकापलीकडचं खोपट बघितलं,
खोपटाच्या दारातला रॉकेलचा दिवा,
आणि मान हलवली, माझ्याकडे न बघता.
रात्री विश्रामगृहात, पिठल्याचा घास हातात धरून विचारलं,
"ती खरंच काय म्हणाली?"
सांगितलं. क्रियापद शेवटी ठेवून, नीट, जसं शिकवलं होतं.
तिनं वहीत लिहून घेतलं आणि वही मिटली.
रागावली असती तर बरं झालं असतं.

पुढच्याच निवडणुकीत पडली.
चार वर्षांनी एक पोस्टकार्ड आलं:
शेवटच्या भाषणात तुमच्या म्हशीवाल्या बाईचा प्रश्न विचारला.
आमच्याच बाकांवर काही जण घड्याळ बघत होते.
खाली सही. तीच असणार, पावतीवरची.

आज चहाचे पैसे दिले आणि स्कूटर सड्याकडे घेतली.
धाकलूबाई आहे. ऐकायला कमी येतं.
खोपटात बल्ब आलाय, मीटर आलंय,
"बिलबी येतंया की," म्हणाली, "न चुकता."
गुणाबाई गेली, मी मोठ्यानं सांगितलं.
"कोन?"
गुणाबाई. जर्मनीची.
बराच वेळ तिनं आठवून बघितलं.
"वारं खानारी?"
होय म्हणालो.
"तवा तू तिला खोटं सांगितलं हुतंस.
मला काय बोली कळत न्हाई. पर तुझं त्वांड दिसत हुतं."

दहाव्या नंबरचं पातं उतरवून गवतात ठेवलंय, दुरुस्तीला.
एवढं लांब, की त्याच्या सावलीला सहा म्हशी बसल्यात
आणि सातवी
कुठं बसावं ते बघत उभी आहे.