तथापि

एकतीस वर्षं मी जिंतूरच्या कोर्टात निकाल टाइप केले
आणि खरं सांगतो, एकही वाचला नाही.
सबब, उपरोक्त, येणेप्रमाणे,
बोटांना पाठ होते सगळे,
म्हशीला गोठ्याची वाट असते तसे.

आता बाजाराच्या दिवशी
मुजम्मिलच्या झेरॉक्सच्या पायरीवर बसतो.
लोक बियाण्याची पिशवी उघडतात,
आत कॅरीबॅग, कॅरीबॅगेत आणखी एक कॅरीबॅग,
मग निकाल, घडीवर फाटलेला.
"काय लिवलंय बगा की.
वकीलसाहेब म्हनले, लागला.
कुनाकडून लागला, ते इचारायचंच राह्यलं."

मागल्या बाजारी सुंद्राबाई खिल्लारे आली.
सतरा पानं, सात वर्षांची जुनी.
"हारले मी," म्हणाली,
"निस्तं किती हारले तेवढं सांगा."

पान सोळा.
वादीचा जमिनीवरील मालकी हक्क शाबीत होत नाही;
इथं वकील थांबला असणार.
इथंच तीही थांबली, सात वर्षं.
पण न्यायाधीशानं पूर्णविराम दिला नव्हता,
अर्धविराम होता,
आणि त्याच्यापुढं, ओळ संपता संपता,
तथापि.

खाली डाव्या कोपऱ्यात माझी आद्याक्षरं.
शब्द मीच टाइप केला होता.
त्या दिवशी बहुतेक पाचची बस गाठायची होती.

"तथापि म्हंजी?"
"तरीबी," मी म्हणालो.
जमीन त्यांची. तरीबी
बांधावरून विहिरीकडं जायची वाट तुमची,
आणि ती अडवायची नाही,
असं कोर्टानं त्यांना बजावलंय. कायमचं.

ती बोटं मोडत हिशेब करू लागली:
रोजच्या दोन खेपा, ओढ्याला वळसा घालून,
पावसाळ्यात तीन,
सून बाळंत होती त्या साली चार.
मध्येच हिशेब सोडला.
"एवढ्या एका शब्दापायी?"

मला तिथंच उठून
चल, आत्ताच वाट मोकळी करू, म्हणावंसं वाटलं.
पण चारठाण्याच्या सटवाजी घुगेला
मी असंच म्हणालो होतो एकदा. जिंकलात, जा.
मागचं पान उलटून बघितलं नव्हतं.
वर जिल्हा कोर्टाची स्थगिती होती.
त्यानं कुंपण काढलं,
आणि मी चौकीवर डबा घेऊन गेलो, दोन रात्री.
सोप्या बोलीत सांगायच्या नादात
अर्धंच सांगितलं होतं मी.

म्हणून म्हणालो, "बाई, थांबा.
परभणीला अपील झालंय का, ते आधी बघू.
नसलं, तर वाट तुमची.
असलं, तर आणखी एक कागद वाचावा लागंल."
तिला ते आवडलं नाही.
मलाही आवडलं नाही.

तरी तिनं मुजम्मिलकडून कोरा कागद मागितला,
मागून दोन रुपये दिले.
"नातीला वाचता येईल असं लिवा, मोठ्या अक्षरात.
ते अपिलाचंबी लिवा, खालून नगं, वरच लिवा."
मी लिहिलं. तरीबी असा शब्द घातला,
तर तिनं बोट ठेवलं.
"हे नगं. त्यांचाच शब्द ठिवा.
उद्या बांधावर उभी राहीन,
तवा कोर्टाचाच शब्द पायजे तोंडात."

मग पिशवी काखेत मारून
बसस्टँडकडं निघाली,
तोंडातल्या तोंडात घोकत:
तथापी, तथापी,
शेवटचा ऱ्हस्व इकार दीर्घ करून.
मी दुरुस्त केलं नाही.