शेरा

हजेरीपटात तिच्या नावापुढे
दोन वर्षं मी एकच शब्द लिहीत आलो:
मंद.
अक्षर माझं चांगलं आहे.
डी.एड.ला बक्षीस होतं त्याला.

करिष्मा टेकाम, इयत्ता तिसरी,
नाल्यापलीकडच्या पोडावरची.
मी हातच्याची बेरीज शिकवत असताना
शेजारणीच्या वहीत नाक खुपसायची.
नक्कल करते म्हणून
मी तिला उठवून दाराशी बसवली,
फळ्यापासून आणखी चार हात लांब.

शाळा साडेदहाची.
दिग्रसहून माझी गाडी निघते दहा चाळीसला.
रस्ता खराब आहे, हे कारण
गेल्या साली रस्ता झाल्यावरही चालतं.
आलो की आधी फोटो:
खिचडीचा, हात धुण्याचा, निंबाखाली वाचनाचा.
रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर मिळते.
टाकीवर चढून मी पोरांचं वाचन वर पाठवतो.
कधी एखाद्यानं पुस्तक उलटं धरलेलं असतं.
फोटोत कळत नाही.

डोळे तपासायला पथक आलं
तेव्हा तीन वाजून गेले होते.
डॉक्टर तरुण, सुवर्णपदकवाले,
अजून दोन शाळा उरकायच्या होत्या.
'सर, रकाने तुम्हीच भरा ना,
पोरं तुमच्या ओळखीची.'
भरले.
पहिल्या ओळीत 'दृष्टी सामान्य',
खाली बेचाळीस वेळा नुसत्या खुणा, वरीलप्रमाणे.
तोवर आलुबोंडे आले.
तर्री जहाल होती, डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं.
त्या दिवशी शाळेत कुणाचं लक्ष डोळ्यांकडे गेलं
ते तेवढंच.

कळलं ते पंचफुलाबाईला.
खिचडी शिजवते ती,
चार-चार महिने अडकणाऱ्या मानधनावर
अंगठा लावते.
'गुर्जी, थे पोरगी बसल्या बसल्या तांदूय निवडू लागते मले,
पन डोये मिटून जी.
खडा बोटानं पायते.
तिले फयाच दिसत नसन.'

मी म्हणालो, बघू.

ती थांबली नाही.
सोमवारची खिचडी जावेच्या गळ्यात घातली,
पोरीला कडेला धरून पहिल्या बसनं यवतमाळ गाठलं,
सरकारी दवाखान्यात तीन खिडक्या चुकली,
चौथीत रांग लागली.
मंगळवारी चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवली.
'वाचा जी, काय लिवलं त्यायनं.'
दोन्ही डोळे, उणे साडेचार.
मी वाचलं.
मला वाचता येतं.

माझा कान वाहत होता, मी दुसरीत होतो,
तेव्हा भोयर मास्तरांनी
सायकलच्या दांडीवर बसवून मला आर्णीला नेलं होतं.
परतताना गुळाची जिलबी, कागदात.
ऑफिसात ही गोष्ट मी एकदा सांगितली.
ढोबळे सर म्हणाले, तेव्हा कामं कुठं होती एवढी?
मग नागपूरच्या प्लॉटचा विषय निघाला,
आणि मीही भाव विचारला.
खरंच आहे म्हणा,
मास्तरांना टाकीवर चढावं लागत नव्हतं.

चष्मा आला.
निळ्या काड्यांचा, तोंडाला मोठा,
मागून बांधायला पंचफुलाबाईच्या परकराची नाडी.
करिष्मा दाराशीच बसली,
तिला पुढे ये म्हणायचं मला सुचलं नव्हतं.
बराच वेळ फळ्याकडे बघत राहिली,
मग माझ्याकडे.
मी उगाच शर्ट नीट केला.

तिनं हात वर केला.
दोन वर्षांत पहिल्यांदा.

'गुर्जी, फयावर मंगयवार हाय.
आज शुक्करवार हाय ना जी?'

मी डस्टर शोधू लागलो,
टेबलावर, खणात, कपाटामागे.
शेवटी पंचफुलाबाईला विचारलं.