प्रश्न तेविसावा

गंगावेशीत चपलांच्या दुकानावर माझा क्लास आहे.
खालून कातड्याचा वास येतो, वर पंखा करकरतो.
आरशातल्या घड्याळात किती वाजले?
युक्ती सोपी आहे : अकरा-साठमधून वजा करा,
आरसा विसरा.

प्रश्न तेविसावा, पाण्यातलं प्रतिबिंब. पर्याय चार.
रेवण उभा राहिला,
"सर, म्हशी उतरायच्या आधीचं का नंतरचं?"
पोरं हसली. मीही हसलो,
आणि तेच अजून सलतंय.
म्हशींमागं रोज नदीवर जाणारं पोर,
पाणी त्यानं आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त बघितलेलं.
म्हणालो, पेपरातलं पाणी हलत नसतं लेका.
वरचं खाली कर. डावं डावीकडंच ठेव. पुढं चल.

तो पुढं चालला.
जूनमध्ये अठ्ठावन्न, जानेवारीत एक्क्याण्णव.
चौकातल्या फ्लेक्सवर त्याचा फोटो माझ्या नावाखाली.
मधले तेहतीस कुणाचे?
ज्यानं ही चाचणी बांधली त्यानं धरलं असेल
की पोर हे कोडं पहिल्यांदाच बघतंय.
माझ्या कपाटात तसल्या चाळीस पत्रिका आहेत.

रेवणचा बाप कट्ट्यावर गिऱ्हाईकासमोर धार काढतो,
थेंबभर पाण्याचा संशय नको म्हणून.
दुधात त्यानं जन्मात काही घातलं नाही.
पोरात घालायला माझ्याकडं पाठवतो,
महिन्याला बाराशे,
आणि दिवाळीला खरवस.
मी नको म्हटलेलं नाही. माझेही हप्ते आहेत.

काल संध्याकाळी जिना उतरत होतो.
खाली कारागिराची नमिता,
आम्ही टाकलेली पत्रिका मांडीवर घेऊन
बापाचं मनगटी घड्याळ
दुकानातल्या त्या बुटक्या आरशासमोर धरून बसलेली,
ज्यात लोक नुसते पाय बघतात.
घड्याळ तिरकं केलं, सरळ केलं,
स्वतःशीच हसली काहीतरी,
मग लिहिलं. बरोबर होतं.
साडेचार मिनिटं लागली.
पेपरात एका प्रश्नाला सव्वा मिनिट मिळतं.

सांगितलं तर ती आरसा खाली ठेवेल.
नाही सांगितलं
तर तक्त्यात तिच्यापुढं 'साधारण' असं छापून येईल,
आणि तो तक्ता कुणी परत तपासत नाही.

"सर, चुकलं का?" तिनं विचारलं.
चौथ्या पायरीवर मी,
तोंडात अकरा-साठ.